मेलिंग लिस्टवर बॉटचाच गलका, माणसांच्या मेल सापडेनात

जुई_राजेंद्रनगर (इंदूर):

नमस्कार मंडळी. प्रश्न तांत्रिक आहे, पण त्यात एक काका आहेत, त्यामुळे थोडं पाल्हाळ सहन करा.

आम्ही काही जण मराठी शुद्धलेखन तपासणीचा एक मुक्त शब्दकोश सांभाळतो. हनस्पेलचा आहे, म्हणजे शब्दांची एक फाइल आणि प्रत्ययांच्या नियमांची दुसरी. लिब्रेऑफिसमध्ये, फायरफॉक्समध्ये बसवता येतो. रेपो, म्हणजे या फाइलींचं कोठार, गिटहब या संकेतस्थळावर आहे. मेलिंग लिस्ट त्याच्या आधीपासूनची, मेलमन या प्रोग्रामवर चालणारी: एका पत्त्यावर टाकलेली मेल सगळ्या सभासदांना जाते. ती अजून ठेवलीय याचं कारण एकच: शब्द पाठवणारी निम्मी मंडळी गिटहबवर नाहीत आणि येणारही नाहीत.

त्यातले एक रामबागेतले काका. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. लिहिताना ज्या शब्दाखाली लाल रेघ येईल तो वहीत टिपतात आणि बऱ्यापैकी साठले की मेल टाकतात. शब्द, लिंग, सामान्यरूप, एखादं वाक्य, सगळं नीट मांडून. 'तऱ्हा', 'वाऱ्यावर', 'दऱ्या' हे शब्द काही लोकांच्या संगणकावर चूक दाखवतात आणि काहींच्या नाही, हे पहिल्यांदा त्यांनीच कळवलं. (हा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. आमच्या फाइलमध्ये एकच प्रकार होता.) असं काही सांगणारा माणूस आणखी कुठे मिळणार?

मागे एका उत्साही सभासदाने लिस्टच्या पत्त्यावरच गिटहबचं एक खातं काढलं आणि रेपो 'वॉच'ला लावला. तिकडे काय चाललंय ते इकडच्यांना कळावं, एवढाच हेतू. तेव्हा क्वचित मेल यायच्या, बरं वाटायचं. मग तपासणीच्या स्क्रिप्टना लागणाऱ्या लायब्रऱ्या जुन्या पडू नयेत म्हणून डिपेंडाबॉट हा गिटहबचा बॉट, म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्राम, चालू झाला. त्याची एक पुल रिक्वेस्ट (बदल आत घेण्याची विनंती) म्हणजे एक मेल नव्हे हो. उघडली की एक, बॉटने स्वतःच पुन्हा नवा बदल चढवला की एक, आमच्यातल्या कुणी 'ठीक' म्हटलं की एक, आणि तेवढ्यात लायब्ररीची आणखी नवी आवृत्ती आली तर जुनी रिक्वेस्ट बंद केल्याची एक. शिवाय आमची रात्रीची तपासणी ('नाइटली') आहे, ती लिस्टला स्वतः मेल टाकते. सगळं ठीक असलं तरी टाकते.

लिस्टच्या संग्रहाचं पान उघडलं की विषयांची रांग अशी:

नाइटली: तपासणी पूर्ण, ० चुका
री: बम्प ॲक्शन्स/चेकआउट फ्रॉम ३ टू ४
नाइटली: तपासणी पूर्ण, ० चुका
सुटलेले शब्द, आषाढ
बम्प पायटेस्ट
री: बम्प पायटेस्ट
नाइटली: तपासणी पूर्ण, ० चुका

'बम्प' म्हणजे लायब्ररीची आवृत्ती पुढे नेणं. 'सुटलेले शब्द, आषाढ' ही काकांची. तिला कुणाचं उत्तर नाही.

काकांनी मात्र एका बॉटला उत्तर दिलंय. 'डिपेंडाबॉट यांस, सप्रेम नमस्कार. आपण सुचवलेली दुरुस्ती समजली नाही. शब्द नेमका कोणता, ते कळवावे.' मी हसले, आणि मग फार वेळ हसू आलं नाही.

त्यानंतर त्यांची मेलच नाही. कंटाळले असणार. तर विचारायचंय असं की हे बॉट लिस्टवरून पूर्ण हाकलायचे, की त्यांच्यासाठी वेगळी लिस्ट काढायची, की आहे तिथेच काही चाळणी लागते? तुमच्याकडे कसं करता?


छप्पन_वाला:

जुईताई, यात एवढं काय टेन्शन! जीमेलच्या सर्चमध्ये 'लिस्ट:' लिहून पुढे लिस्टचा पत्ता टाका, विषयात 'बम्प' किंवा 'नाइटली', त्यावर फिल्टर बनवा, 'स्किप इनबॉक्स', लेबल लावा, झालं. मी माझ्या कामाच्या सगळ्या लिस्टा अशाच ठेवल्यात. लेबलं सोळा, उघडतो दोन.


जुई_राजेंद्रनगर:

फिल्टर माझ्याकडे आहेत हो. माझा इनबॉक्स स्वच्छ आहे. अडचण लिस्टवरच्या बाकीच्यांची आहे. काका सगळं फोनवर बघतात, आणि जीमेलच्या फोनवरच्या ॲपात नवा फिल्टर बनवताच येत नाही, त्यासाठी संगणकावर ब्राउझर उघडावा लागतो. प्रत्येकाच्या घरी जाऊन फिल्टर लावत फिरू का? आणि चौदा लेबलं न उघडता तुम्ही ठेवलीत कशाला?


छप्पन_वाला:

मन राहावं म्हणून.


टपालवाला (स्नेहलतागंज):

मी मेल सर्व्हर सांभाळतो, पोट त्यावरच आहे, म्हणून थोडं लांबवर लिहितो.

आधी काकांचं बघा. ते कंटाळले असं धरून चालू नका. मेलमनच्या सभासद यादीत त्यांच्या नावापुढे डिलिव्हरी बंद आहे का, आणि कारणात बाउन्स (मेल परत फिरणं) लिहिलंय का, ते पाहा. माझा अंदाज तोच आहे.

कसं होतं सांगतो. जीमेलची फुकट जागा १५ जीबी, तीच ड्राइव्हला आणि फोटोंनाही. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही २०२४ पासून त्यातच मोजला जातो. घरच्या ग्रुपवरच्या लग्नाच्या व्हिडिओंनी पेटी भरते आणि मेल परत फिरायला लागतात. मेलमन परतलेल्या मेलचे गुण मांडतो. एका दिवसात कितीही परतल्या तरी वाढतो एकच गुण. ठरलेल्या मर्यादेपर्यंत, म्हणजे कुणी बदललं नसेल तर ५ पर्यंत, गुण गेले की त्या सभासदाची डिलिव्हरी बंद. मध्ये ७ दिवस काहीच परतलं नाही तर जुने गुण शिळे ठरतात आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आता तुमची जुनी लिस्ट आठवा. अधूनमधून एखादी मेल. अशा लिस्टवर कुणाची पेटी आठवडाभर भरलेली राहिली तरी गुण साठत नाहीत. घरातलं कुणीतरी फोन साफ करून देतं, पुढची मेल सुखरूप पोचते, कुणाला काही कळतही नाही. तुमची नाइटली मात्र रोज एक मेल पाठवते, म्हणजे पेटी भरल्यावर रोज एक गुण नक्की. 'सगळं ठीक आहे' असं सांगणाऱ्या मेलनेच माणूस लिस्टवरून बाहेर पडतो. आणि 'तुमची डिलिव्हरी बंद केली आहे' हा इशारा मेलमन पाठवतो कुठे? त्याच भरलेल्या पेटीत. ठरावीक इशाऱ्यांनंतर नावही काढून टाकतो.

आता बॉट. लिस्टच्या पत्त्याचं जे गिटहब खातं आहे ते आजच्या आज आवरा, आणि हे नुसत्या गर्दीसाठी सांगत नाही. गिटहबच्या प्रत्येक नोटिफिकेशनच्या तळाशी अनसबस्क्राइबचा दुवा असतो. तो ज्या खात्याला मेल आली त्या खात्याचा असतो, आणि तुमच्याकडे ते खातं म्हणजे अख्खी लिस्ट. एखाद्या सभासदाने वैतागून, आपलंच नाव निघेल अशा समजुतीने तो दाबला, की ती चर्चा सगळ्या लिस्टसाठी थांबते. लिस्टचा संग्रह जाहीर असेल तर दाबणारा सभासद असण्याचीही गरज नाही.

खातं ठेवायचंच असेल तर 'वॉच'मध्ये 'कस्टम' निवडा आणि फक्त 'रिलीजेस'वर खूण करा. इश्यू, पुल रिक्वेस्ट, चर्चा, सुरक्षेचे इशारे हे सगळं तिथे वेगवेगळं निवडता येतं. बहुतेक लोक सरसकट 'ऑल ॲक्टिव्हिटी' लावतात आणि मग गिटहबला नावं ठेवतात.

डिपेंडाबॉटच्या फाइलमध्ये 'इंटरव्हल' मंथली करा आणि 'ग्रुप्स' वापरा. २०२३ पासून ही सोय आहे, दहा लायब्रऱ्यांची एकच पुल रिक्वेस्ट येते. शब्दकोशाच्या प्रकल्पाला तेही नको असेल तर 'ओपन-पुल-रिक्वेस्ट्स-लिमिट' शून्य करा. नेहमीच्या आवृत्त्यांच्या रिक्वेस्ट थांबतात, सुरक्षेच्या दुरुस्त्यांच्या येत राहतात. त्यांचा हिशेब वेगळा असतो.

नाइटलीला मेल टाकायला लावायचीच तर फक्त स्थिती बदलल्यावर. काल ठीक होतं आणि आज बिघडलं, किंवा काल बिघडलेलं आज दुरुस्त झालं. जेनकिन्स (चाचण्या आपोआप चालवणारा प्रोग्राम) वापरणारे हे फार आधीपासून करतात, त्याच्या ईमेल एक्स्टेन्शन प्लगइनमध्ये 'फिक्स्ड', 'स्टिल फेलिंग' असे वेगवेगळे ट्रिगर असतात.

आणि तुमची स्क्रिप्ट स्वतः मेल बनवते ना? मग तिच्यात 'ऑटो-सबमिटेड: ऑटो-जनरेटेड' हा हेडर (मेलच्या माथ्यावरची, एरवी न दिसणारी ओळ) घाला. आरएफसी ३८३४ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज), साल २००४. 'मी रजेवर आहे' छापाची आपोआप उत्तरं पाठवणारे शहाणे प्रोग्राम हा हेडर पाहून गप्प बसतात. दिवाळीत याची किंमत कळते.

हे सगळं होईपर्यंत तात्पुरता बंधारा हवा असेल तर मेलमन ३ च्या सेटिंगमध्ये हेडरवरून मेल रोखता येते. 'एक्स-गिटहब-सेंडर' या हेडरमध्ये डिपेंडाबॉट दिसला की 'डिस्कार्ड'. पण हे मलम आहे, जखम गिटहबकडची.


जुनी_नोंदवही:

टपालवाल्यांचं बहुतेक पटलं, 'डिस्कार्ड' पटलं नाही. मेल टाकून देणं आणि दुसरीकडे वळवणं यात फरक आहे. जे गिटहबवर नाहीत त्यांना कोडमध्ये काय बदललं हे दुसरीकडून कसं कळणार? उद्या गिटहबवरचा रेपोच गेला तर मागे काय उरणार? लिस्टचा संग्रह आपल्या हातात असतो.

अपाची फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेत म्हणतातच, लिस्टवर झालं नाही ते झालंच नाही. पण म्हणून ते सगळं एकाच लिस्टवर ओतत नाहीत. बहुतेक प्रकल्पांत 'डेव्ह' लिस्ट चर्चेला आणि मतदानाला, 'यूजर' वापरणाऱ्यांना, 'कमिट्स' कोडमधल्या बदलांना, आणि बऱ्याच ठिकाणी इश्यू किंवा नोटिफिकेशनची आणखी एक. रेपोच्या मुळाशी 'डॉट एएसएफ डॉट यॅमल' नावाची फाइल असते, तिच्यात 'नोटिफिकेशन्स'खाली तीन ओळींत लिहायचं: कमिटच्या मेल या पत्त्यावर, इश्यूच्या त्या, पुल रिक्वेस्टच्या आणखी तिसऱ्या. बाकीचं त्यांची यंत्रणा बघते. 'डेव्ह'वर रिलीजचं मतदान निदान ७२ तास चालतं. त्यात बॉटच्या मेल घुसल्या तर मतं शोधायला माणूस बसवावा लागेल.

तर ताई, दुसरी लिस्ट काढा. सभासद कुणी नसला तरी चालेल, संग्रह राहू द्या.

आणि टपालवाले, 'फक्त बिघडल्यावर मेल' यात एक खड्डा आहे. सार्वजनिक रेपोत ६० दिवस काही हालचाल झाली नाही की गिटहब क्रॉनवरची वर्कफ्लो, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं, आपणहून बंद करतो. शब्दकोशासारख्या संथ प्रकल्पात हे सहज घडेल. मग मेल येत नाही म्हणजे सगळं ठीक, की तपासणीच मेली? तुमच्या पद्धतीत दोन्ही सारखंच दिसणार.


टपालवाला (स्नेहलतागंज):

६० दिवसांचा मुद्दा मान्य. महिन्यातून एक ओळीची 'चालू आहे' मेल पाठवा, दुसऱ्या लिस्टवर. रोजची नको. किंवा रेपोच्या पहिल्या पानावर तपासणीची स्थिती दाखवणारा बिल्ला लावा, ज्याला बघायचं तो बघेल.

पण अपाचीचा थाट पाच-सहा माणसांच्या प्रकल्पाला कशाला? त्यांच्याकडे लिस्टा सांभाळायला वेगळी इन्फ्रा टीम आहे. यांच्याकडे जुईताई आहेत, ऑफिस सुटल्यावर. प्रत्येक नवी लिस्ट म्हणजे स्पॅम, अडकलेल्या मेल, मॉडरेशनची रांग. सभासद नसलेल्या लिस्टची मॉडरेशनची रांग तर कुणीच बघत नाही.


जुनी_नोंदवही:

बॉटचा पत्ता सोडून बाकी सगळ्यांना 'डिस्कार्ड' लावलं की रांगच लागत नाही. त्या लिस्टवर माणसाने लिहायचंच नाहीये.


टपालवाला (स्नेहलतागंज):

हं. हे चालेल.


पॅचवाला:

मी थोडं उलटं बोलतो. बॉट लिस्टवर असणं वाईट नाही, निरर्थक बोलणं वाईट. लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लिस्टांवर गूगलचा सिझबॉट आणि इंटेलचा कर्नल टेस्ट रोबोट कायम असतात, आणि त्यांच्या मेल लोक वाचतात. का? टेस्ट रोबोटची मेल ज्याच्या पॅचने (कोडमधल्या दुरुस्तीने) बिल्ड मोडली त्याच्या नावावर जाते, लिस्ट असते सीसीमध्ये. कुठला कमिट, कुठली कॉन्फिग, कंपायलरचा नेमका इशारा, पुन्हा करून बघायचं असेल तर कसं, सगळं त्यातच. सिझबॉटला तर मेलनेच उत्तर देता येतं: हा दोष अमुक पॅचने दुरुस्त झाला असं त्याच्या ठरलेल्या भाषेत लिहिलं की तो नोंद करून घेतो. काकांच्या 'शब्द नेमका कोणता' या प्रश्नाला तुमच्या बॉटकडे उत्तर असतं तर तो लिस्टवर शोभला असता.

तिथे सगळं वाचायला सभासद व्हावंही लागत नाही. लोअर डॉट कर्नल डॉट ऑर्गवर संग्रह खुला आहे, हवं ते शोधून तेवढंच उतरवून घेता येतं. तुमचा पसारा तेवढा नाही, पण नाइटलीला जमलं तर एवढं शिकवा: चूक सापडली की शब्द, ओळ आणि तो शब्द शेवटी कुणी बदलला, हे मेलमध्ये मराठीत लिहायचं.


जुई_राजेंद्रनगर:

सगळ्यांना धन्यवाद. काय काय झालं ते लिहिते.

टपालवाल्यांचा अंदाज बरोबर निघाला. काकांच्या नावापुढे डिलिव्हरी बंद, कारण बाउन्स. आणखी तिघे तसेच निघाले, त्यातल्या दोघांना वाटत होतं की लिस्टच बंद पडली. काकांच्या फोनमधला व्हॉट्सॲपचा बॅकअप तपासला तर सुप्रभातचे व्हिडिओ आणि त्यांच्या सोसायटीच्या पाण्याच्या टँकरची चर्चा, फोटोंसकट. व्हिडिओ काढून टाकले. टँकरची चर्चा त्यांनी हात लावू दिली नाही, पुरावा आहे म्हणाले. डिलिव्हरी पुन्हा चालू केली. श्रावणाची यादी तयारच होती, लगेच आली. आषाढाची आता दोघांनी वाटून घेतलीय.

अनसबस्क्राइबचंही तेच. मागच्या आवृत्तीच्या वेळी एका इश्यूवरची चर्चा लिस्टवर मध्येच थांबली होती, आणि आम्ही गिटहबच्या नावाने बोटं मोडत होतो. आता कारण लक्षात येतंय. लिस्टच्या पत्त्याचं खातं बंद केलं. रिलीजची खूणही ठेवली नाही. आवृत्ती निघाली की आमच्यातला कुणीतरी चार ओळी हाताने लिहील, कारण गिटहबच्या रिलीजच्या मेलमध्ये पुल रिक्वेस्टची इंग्रजी नावं असतात, आणि काकांना कळायला हवं की त्यांचे शब्द आत आले की नाही.

दुसरी लिस्ट काढली, जुनी_नोंदवही म्हणतात तशी. स्क्रिप्टच्या पत्त्याशिवाय सगळ्यांना डिस्कार्ड. तिच्यावर महिन्याची 'चालू आहे' मेल आणि प्रत्येक कमिटची एक. सभासद मी एकटी. डिपेंडाबॉट महिन्यावर नेला, सगळ्या लायब्रऱ्या एका गटात. लिमिट शून्य करायला आमचा एक सहकारी तयार नाही. त्याचं म्हणणं, वर्षभराने सगळं एकदम बदलावं लागलं की रडायला मीच येणार. असू दे.

पॅचवाल्यांची सूचना सगळ्यात आवडली. चूक सापडली तर नाइटली आता शब्द, ओळ आणि बदल करणाऱ्याचं नाव मराठीत लिहिते आणि मेल त्या व्यक्तीला जाते, मुख्य लिस्ट सीसीमध्ये. चाचणीसाठी मुद्दाम 'वार्‍यावर' हा शब्द चुकीच्या जोडकाने घातला होता. मेल बरोबर आली. काकांनी तिलाही उत्तर दिलं. 'धन्यवाद. आता समजले. वरील शब्दाचे सामान्यरूप तपासावे.' ते तपासायला हवं होतंच.

एक राहिलं. ही मेल अजूनही पहाटे साडेपाचला येते, आणि काही जणांचे फोन उशाशी वाजतात.


छप्पन_वाला:

क्रॉनमध्ये मिनिट शून्य, तास शून्य असणार. गिटहबचं क्रॉन यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) धरा, म्हणजे त्यांचे रात्रीचे बारा ते आपले साडेपाच. त्यात तासाच्या ठोक्याला सगळ्या जगाची कामं रांगेत असतात, उशीरही होतो. मिनिट १७ आणि तास ७ करा, म्हणजे आपल्याकडे दुपारी १२:४७. लोक जेवायला उठलेले असतात, फोन हातातच.


जुई_राजेंद्रनगर:

केलं. आज १२:५४ ला आली.


टपालवाला (स्नेहलतागंज):

ऑटो-सबमिटेड घातलं का?


जुई_राजेंद्रनगर:

घालते, घालते.